४३,२०,०००: महायुगाच्या संख्येचे अवयव, विभाजक आणि वर्गवारी

खानापूर_गणितमंडळ
नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाला तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एकाच मोठ्या संख्येवर फलक लावायचा आहे. संख्या ठरली आहे: ४३,२०,०००. गणपतीत संकल्प सांगताना 'अष्टाविंशतितमे युगे कलियुगे प्रथमचरणे' हे मुलांच्या कानावर पडतंच. त्या एका महायुगाची ही सौरवर्षं. पुराणाची बाजू फलकावर एका ओळीत संपवायची आहे, बाकी सगळं गणित. अवयव, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, आणि ही संख्या कोणकोणत्या प्रकारांत बसते, एवढं हवं. नुसती उत्तरं नकोत, पोरांना पेन-कागदावर करता येतील अशा पायऱ्या सांगा. शेजारच्या कन्नड माध्यमाची मुलंही बघायला येणार आहेत, तेव्हा फलकावर शब्द कमी आणि आकडे जास्त असलेले बरे.

लसावि
सर, पहिल्यांदा अवयव. २ ने भागत बसायची गरज नाही, तुकडे पाडा.

४३,२०,००० = ४३२ × १०,०००
४३२ = १६ × २७ = २^४ × ३^३
१०,००० = २^४ × ५^४
म्हणून ४३,२०,००० = २^८ × ३^३ × ५^४

(२^८ म्हणजे २ चा आठवा घात, धाग्यात पुढे असंच लिहूया.) पडताळा: २५६ × २७ = ६,९१२ आणि ६,९१२ × ६२५ = ४३,२०,०००.

इथे मुलांचं हमखास चुकतं ते १०,००० = १०^४ असं लिहून थांबण्यात. १० ही मूळ संख्या नाही, तिच्या आतले चार २ हे ४३२ मधल्या चार २ ना मिळाल्याशिवाय घातांक ८ होत नाही. ४ आणि ४ वेगवेगळे लिहिले की पुढचं सगळं गणित बिघडतं.

(८, ३, ४) हे तीन घातांक फलकाच्या मधोमध मोठ्या आकड्यांत लिहा. बाकी जे काही विचारलंय ते सगळं या तीन आकड्यांतूनच निघतं, मूळ संख्येकडे परत बघावंही लागत नाही.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. ९ × ४ × ५ = १८०. मुलं ८ × ३ × ४ = ९६ करतात, कारण घातांक ० हाही एक पर्याय आहे हे डोक्यात येत नाही. विभाजक बनवताना २ चा घात ०, १, २ … ८ यांपैकी कोणताही घेता येतो, म्हणजे नऊ पर्याय. हे एकदा ७२ = २^३ × ३^२ वर करून दाखवा (४ × ३ = १२ विभाजक, सगळे मोजता येतात), मग मोठ्या संख्येकडे या.

अनघा_चिकोडी
लसाविंनी सूत्र दिलंच आहे, मी तक्ता सांगते. १८० विभाजक एका पानावर मांडता येतात आणि मुलांना त्यातच खरा रस वाटेल.

डाव्या कडेला फक्त ३ आणि ५ वापरून झालेले २० विषम विभाजक या क्रमाने:
१, ५, २५, १२५, ६२५
३, १५, ७५, ३७५, १८७५
९, ४५, २२५, ११२५, ५६२५
२७, १३५, ६७५, ३३७५, १६८७५

वरच्या कडेला २ चे घात: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. आता २० ओळी गुणिले ९ रकाने म्हणजे १८० घरं. प्रत्येक घरात ओळीचा आणि रकान्याचा गुणाकार. ओळ भरायला गुणाकारसुद्धा लागत नाही, डावीकडून उजवीकडे दुप्पट करत जायचं. शेवटचं घर १६,८७५ × २५६, ते ४३,२०,००० आलं पाहिजे. नाही आलं तर त्या ओळीत कुठेतरी दुप्पट चुकली आहे.

२२ × २८ इंची कार्डशीट आडवी धरा. डावा रकाना धरून १० रकाने, प्रत्येकी अडीच इंच, म्हणजे २५ इंच. मथळा आणि बेरजेची ओळ धरून २२ ओळी, प्रत्येकी पाऊण इंच, साडेसोळा इंच. खाली नाव-शाळा लिहायला जागा उरते. खालच्या उजव्या कोपऱ्यात सात अंकी आकडे येतात, तिथे पेन बारीक घ्या.

तक्त्याची मुख्य गंमत अशी: पहिल्या ओळीतलं पहिलं घर (१) आणि शेवटच्या ओळीतलं शेवटचं घर (४३,२०,०००) यांचा गुणाकार मूळ संख्या. वरून चौथी ओळ, डावीकडून पाचवा रकाना: १२५ × १६ = २,०००. खालून चौथी ओळ, उजवीकडून पाचवा रकाना: १३५ × १६ = २,१६०. गुणाकार पुन्हा ४३,२०,०००. तक्ता उलटा फिरवला की प्रत्येक घर आपल्या जोडीदारावर बसतं. कुठलंही घर तपासायचं असेल तर त्याच्या जोडीदाराशी गुणून बघायचं. अशा ९० जोड्या आहेत.

ओळी २०, म्हणजे सम, त्यामुळे तक्त्याला मधलं घर नाही. स्वतःशीच जोडी लावणारा विभाजक नाही, म्हणून ही पूर्ण वर्गसंख्या नाही. घातांकांत ३ विषम आहे म्हटलं तरी तेच, पण तक्त्यात ते डोळ्यांना दिसतं.

निपाणी_नाका
ताई, वर्गमुळाजवळची जोडी २,००० आणि २,१६० हीच ना? वर्गमूळ २,०७८ च्या आसपास येतंय. मधे २,०२५ पण बसेल असं वाटतंय, ४५ चा वर्ग आहे आणि ३ न् ५ चाच आहे.

अनघा_चिकोडी
नाही बसत. २,०२५ = ३^४ × ५^२. आपल्याकडे ३ फक्त तीनदाच आहे. २,०४८ = २^११ हाही त्याच कारणाने बाहेर, २ आठदाच आहे. २,००० ते २,१६० यांच्यामध्ये फक्त २, ३, ५ वापरून होणाऱ्या संख्या या दोनच, आणि दोन्ही बाद. म्हणून मधली जोडी २,००० × २,१६० हीच. हा प्रश्न फलकाखाली कोडं म्हणून जरूर ठेवा सर, 'मूळ अवयव तेच असले म्हणजे भाग जातो' हा समज इथे नेमका मोडतो.

मलप्रभाकाठ
बेरीजही याच तक्त्यातून घ्या की. वरच्या रकान्यांची बेरीज १ + २ + … + २५६ = ५११. म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज = डावा आकडा × ५११. १२५ ची ओळ ६३,८७५ आली पाहिजे. डाव्या रकान्याची बेरीज = (१ + ३ + ९ + २७) × (१ + ५ + २५ + १२५ + ६२५) = ४० × ७८१ = ३१,२४०. सगळ्या विभाजकांची बेरीज ३१,२४० × ५११ = १,५९,६३,६४०.

त्यातून स्वतः संख्या वजा केली की उरतात १,१६,४३,६४०. संख्येपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ही विपुल संख्या. (बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण, उदा. ६ आणि २८. कमी आली तर न्यून.) बेरीज भागिले संख्या = ३.६९५ च्या जवळपास.

आता जरा वरच्या इयत्तेचं. २, ३, ५ एवढेच अवयव ठेवून घातांक कितीही वाढवा, हे गुणोत्तर ३.७५ च्या वर जात नाही. कारण १ + १/२ + १/४ + … ही बेरीज २ ओलांडत नाही, ३ साठी तीच मर्यादा ३/२, ५ साठी ५/४. २ × ३/२ × ५/४ = ३.७५. म्हणजे ४३,२०,००० जवळजवळ छताला टेकली आहे. ४ गाठायचं असेल तर ७ किंवा त्यापुढची नवी मूळ संख्या आणावीच लागते.

कुट्टक
मलप्रभाकाठ यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे जातो, कारण माझ्या मते फलकाचा गाभा तिथे आहे. ४३,२०,००० मध्ये फक्त ४,३२० मिळवा. ४३,२४,३२० येतील.

४३,२०,००० = ४,३२० × १,०००
४३,२४,३२० = ४,३२० × १,००१

१,००० = २^३ × ५^३. १,००१ = ७ × ११ × १३.

४,३२० = २^५ × ३^३ × ५, विभाजक ६ × ४ × २ = ४८. त्याला १,००० ने गुणलं की २ चा घातांक ५ वरून ८, ५ चा १ वरून ४. विभाजक १८०, म्हणजे पावणेचारपट. १,००१ ने गुणलं की जुने घातांक तसेच, वर तीन नव्या मूळ संख्या, प्रत्येकीने दुप्पट. ४८ × ८ = ३८४. हजारात एक एवढाच फरक, आणि विभाजक दुपटीहून जास्त!

नवीन मूळ संख्या विभाजक दुप्पट करते. जुन्या संख्येचा घातांक एकने वाढवला तर वाढ कमी-कमी होत जाते: १ वरून २ केला तर दीडपट, ७ वरून ८ केला तर ९/८ पट. ४३,२०,००० चं सगळं भांडवल २ आणि ५ च्या उंच घातांकांत अडकलं आहे.

४३,२४,३२० ही हायली कंपोझिट संख्या आहे: तिच्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येला ३८४ किंवा जास्त विभाजक नाहीत. रामानुजन यांचा १९१५ सालचा मोठा निबंध याच प्रकारावर आहे. २२ डिसेंबर हा त्यांचाच जन्मदिवस, तेव्हा फलकावर ही शेजारीण हवीच.

निपाणी_नाका
४३,२०,००० स्वतः हायली कंपोझिट नाही हे मुलांना कसं पटवायचं? १८० म्हणजे भरपूरच वाटतात.

कुट्टक
दोन ओळींत पटतं. घातांक (८, ३, ४). ३ चा घातांक ५ च्या घातांकापेक्षा लहान आहे. अदलाबदल करा: २^८ × ३^४ × ५^३ = २५,९२,०००. विभाजक तेच १८०, संख्या मात्र लहान. झालं, हायली कंपोझिटचा दावा संपला. म्हणून अशा संख्येत घातांक डावीकडून उजवीकडे कधीच वाढत नाहीत. रामानुजन यांनी आणखी एक दाखवलं: शेवटच्या मूळ संख्येचा घातांक १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. आपल्याकडे शेवटचा घातांक ४ आहे, म्हणजे इथेही बाद.

एक सांभाळा. या अटी पाळल्या म्हणजे संख्या हायली कंपोझिट झालीच असं नव्हे. ३० चे घातांक (१, १, १), दोन्ही अटींत बसतात, पण ३० ला ८ विभाजक आणि २४ लाही ८. अटींवरून संख्या बाद करता येते, निवडता येत नाही.

१८० विभाजक असलेली सगळ्यांत लहान संख्या हवी असेल तर २,७७,२०० = २^४ × ३^२ × ५^२ × ७ × ११. आणि ४३,२०,००० च्या अलीकडची ३६,०३,६०० (३,६०० × १,००१) बघा, तिला ३६० विभाजक, बरोबर दुप्पट.

लसावि
१,००१ आलाच आहे तर ७, ११, १३ ची एकत्र कसोटी द्या. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा, एकाआड एक वजा-अधिक करा. उरलेल्याला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का बघा.

४३,२४,३२० → ४ | ३२४ | ३२०. ३२० − ३२४ + ४ = ०. तिघांनीही भाग जातो.
४३,२०,००० → ४ | ३२० | ०००. ० − ३२० + ४ = −३१६. ३१६ ला ७, ११, १३ यांपैकी कोणीच भागत नाही.

आपले स्वल्पविराम लाख-कोटींचे, म्हणजे पहिले तीन आणि मग दोन-दोन. मुलं ४३ | २४ | ३२० असेच गट धरतात आणि ३२० − २४ + ४३ = ३३९ काढून भाग जात नाही म्हणतात. कसोटीआधी स्वल्पविराम पुसून नव्याने गट पाडायला लावा.

शहापूरकर
वर्गवारीत एक राहिलंय. ८, ३, ४, तिन्ही घातांक २ किंवा जास्त आहेत, म्हणजे ही पॉवरफुल संख्या: जी मूळ संख्या भागते तिचा वर्गही भागतो. पण तिन्ही घातांकांचा मसावि १, म्हणून ती पूर्ण वर्ग नाही, घन नाही, कुठलाच पूर्ण घात नाही. अशा संख्येला अ‍ॅकिलीस संख्या म्हणतात. सगळ्यांत लहान ७२, मग १०८.

आता चारही युगं लावून बघा. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात ती ४ : ३ : २ : १ या प्रमाणात आहेत.

कलि ४,३२,००० = २^७ × ३^३ × ५^३
द्वापर ८,६४,००० = २^८ × ३^३ × ५^३
त्रेता १२,९६,००० = २^७ × ३^४ × ५^३
कृत १७,२८,००० = २^९ × ३^३ × ५^३

पहिल्या तिन्ही अ‍ॅकिलीस. कृत मात्र (९, ३, ३), मसावि ३, म्हणजे पूर्ण घन: १२० × १२० × १२०. त्रेतायुगाची १२,९६,००० ही वर्तुळातल्या विकलांची (अंशाचा ६० वा भाग कला, कलेचा ६० वा भाग विकला) संख्याही आहे, ३६० × ६० × ६०.

आणि महायुग ६० च्या पायात लिहिलं तर २०, ०, ०, ०. म्हणजे २० × ६०^३. ही संख्या मुद्दाम घडवलेली आहे हे तिथेच कळतं: १२ महिने, ३० तिथी, ६० घटी, ३६० अंश, सगळ्यांनी निःशेष भाग जावा अशी. त्या कामाला २, ३, ५ पुरतात. ७ नाही, म्हणून वारांच्या सात दिवसांनी तिला भाग जात नाही.

खानापूर_गणितमंडळ
फारच उपयोगी. वर्गांच्या बेरजेत मांडता येते का? दहावीची मुलं विचारतील.

शहापूरकर
दोन वर्गांची बेरीज नाही होत. ३ ला ४ ने भागून बाकी ३ उरते, अशा मूळ संख्येचा घातांक विषम असला की दोन वर्गांत मांडता येत नाही. तीन वर्गांत मात्र सोपं: १२०० × १२०० = १४,४०,०००, त्याच्या तिप्पट ४३,२०,०००.

अनघा_चिकोडी
कापरेकर राहिले. देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या दोन कल्पना आठवीच्या पोरांना लगेच करता येतात.

हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. ४ + ३ + २ = ९, भाग जातो. शेजारीण ४३,२४,३२०: अंकांची बेरीज १८, भागाकार २,४०,२४०. दोन्ही हर्षद.

दुसरी जास्त रंगते. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी संख्या अशी कुठूनच तयार होत नाही ती स्वयंभू, कापरेकरांनी तिला देवळाली संख्याही म्हटलं. ४३,२०,००० स्वयंभू आहे का? उलटं शोधायचं. जनक संख्या ४३,१९,९ नंतर दोन अंक अशी असणार. ते दोन अंक क आणि ख धरा. ४ + ३ + १ + ९ + ९ = २६. समीकरण: ४३,१९,९०० + १०क + ख + २६ + क + ख = ४३,२०,०००, म्हणजे ११क + २ख = ७४. क सम हवा. क = ६ घेतला तर ख = ४. क = ४ घेतला तर ख = १५, चालत नाही. क = ८ ला ८८, जास्त. तेव्हा जनक एकच, ४३,१९,९६४. अंकांची बेरीज ३६, मिळवा आणि बघा. (४३,१९,८ ने सुरू होणारी घेतली तर ११क + २ख = १७५ लागतं, दोन अंकांत ते ११७ च्या पुढे जातच नाही.) स्वयंभू नाही.

हीच रीत ४३,२४,३२० ला लावली की दोन जनक सापडतात: ४३,२४,२९३ (+२७) आणि ४३,२४,३०२ (+१८). दोन जनक असलेल्या संख्येला कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. सगळ्यांत लहान १०१: ९१ + १० आणि १०० + १.

कुट्टक
इतिहासाची ओळ लिहिताना एक काळजी घ्या. आर्यभटीयात (इ. स. ४९९) युगातले सूर्याचे भगण म्हणजे फेरे 'ख्युघृ' या एका शब्दात आहेत: खु २०,०००, यु ३,००,०००, घृ ४०,००,०००, बेरीज ४३,२०,०००. पण आर्यभटाने महायुगाचे चार समान पाद केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. ४ : ३ : २ : १ त्याच्याकडे नाही. फलकावर युगांचा तक्ता देऊन खाली आर्यभटाचं नाव टाकू नका.

याच संख्येवर कुट्टकाचं (पूर्णांकांतली समीकरणं सोडवायची जुनी भारतीय रीत) पहिलं पाऊल सुंदर दिसतं. आर्यभटीयात युगाचे सावन दिवस (सूर्योदय ते सूर्योदय) १,५७,७९,१७,५००. वर्षं ४३,२०,०००. मसावि ७,५००. भागा: २,१०,३८९ दिवस आणि ५७६ वर्षं. पहिल्या भास्कराने सूर्याचं कुट्टक याच लहान आकड्यांवर केलं आहे. आता भागाकाराची साखळी:

२,१०,३८९ = ३६५ × ५७६ + १४९
५७६ = ३ × १४९ + १२९
१४९ = १ × १२९ + २०
१२९ = ६ × २० + ९
२० = २ × ९ + २
९ = ४ × २ + १

पहिले तीन भागाकार ३६५, ३, १ घेतले की ३६५ + १/(३ + १/१) = ३६५ + १/४ येतं, म्हणजे ४ वर्षांत १,४६१ दिवस. सूर्यसिद्धांताचे दिवस १,५७,७९,१७,८२८. त्याचा ४३,२०,००० शी मसावि फक्त ४, म्हणून तिथे चक्र १०,८०,००० वर्षांच्या खाली येत नाही. ७,५०० आणि ४ हा फरक मुलांना दाखवाच. संख्या दिसायला सारख्या, शेवटचे तीन अंक बदलले की सामाईक अवयव नाहीसे होतात.

मलप्रभाकाठ
हीच साखळी अधिक महिन्यांना लावा, घरोघरच्या पंचांगाशी जोडलं जाईल. सूर्यसिद्धांतात महायुगात १५,९३,३३६ अधिकमास. मसावि २४, म्हणजे १,८०,००० वर्षांत ६६,३८९. भागाकार २, १, २, २, ६ … असे निघतात. त्यांवरून जवळचे अपूर्णांक: ३ वर्षांत १, ८ वर्षांत ३, १९ वर्षांत ७, १२२ वर्षांत ४५. एकोणीस वर्षांत सात अधिकमास हा ठोकताळा या भागाकारातून आपोआप पडतो. दोन अधिकमासांतलं सरासरी अंतर ३२.५ सौरमासांहून किंचित जास्त येतं.

निपाणी_नाका
संगणकावर पडताळायचं असेल तर गूगल शीटमध्ये १ ते २,०७८ पर्यंतचे आकडे एका रकान्यात ओढा, शेजारी मोड फंक्शनने बाकी काढा, बाकी ० असलेली घरं मोजा. ९० येतील, दुप्पट १८०. ४३,२०,००० पर्यंत जायची गरज नाही. नवीन पान १,००० ओळींचं असतं, आधी ओळी वाढवून घ्या, नाहीतर मोजणी १,००० लाच थांबते आणि आकडा कमी येतो. आणि शीटमध्ये पंधरा अंकांपुढचे आकडे अचूक राहत नाहीत. संख्येचा वर्ग (१४ अंकी) चालेल, घन चालणार नाही.

खानापूर_गणितमंडळ
शेवटची शंका. कल्प म्हणजे १,००० महायुगं, ४,३२,००,००,०००. त्याचे विभाजक किती? आणि संकल्पात आपण कल्पात कुठे आहोत ते सांगतो, त्या संख्येचे अवयव पडतात का?

लसावि
कल्प = २^११ × ३^३ × ५^७. विभाजक १२ × ४ × ८ = ३८४. ४३,२४,३२० ला जेवढे, बरोबर तेवढेच. हजारपट मोठं होऊन तिथे पोचलं.

आर्यभटाचा कल्प १,००८ महायुगांचा, १४ मनू आणि प्रत्येकी ७२ युगं. १,००८ मध्ये एक ७ आहे. ४,३५,४५,६०,००० = २^१२ × ३^५ × ५^४ × ७, विभाजक १३ × ६ × ५ × २ = ७८०. एक टक्क्याहून कमी वाढ, विभाजक दुपटीवर. शिवाय ७ चा घातांक १, म्हणून हा कल्प पॉवरफुल राहत नाही.

कुट्टक
संकल्पाचं गणित (इथे सूर्यसिद्धांताचा मनू, ७१ महायुगांचा, आर्यभटाचा ७२ चा नव्हे): सहा मनू पूर्ण, ६ × ७१ = ४२६ महायुगं. चालू सातव्यातली २७ पूर्ण. सात संधी (कल्पाच्या आरंभी एक आणि प्रत्येक मनूनंतर एक असा जोडकाळ), प्रत्येकी कृतयुगाएवढी म्हणजे ०.४ महायुग, मिळून २.८. अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर मिळून ०.९. एकूण ४५६.७ महायुगं = १,९७,२९,४४,००० वर्षं, कलियुगाच्या आरंभापर्यंत. पुढची गत कलिवर्षं = शक + ३,१७९. आपल्या हलशी-देगावे भागातल्या गोव्याच्या कदंबांच्या लेखांत कलियुगाचं वर्ष येतं, ते वाचायलाही हेच सूत्र लागतं.

अवयव पाडताना ४५६.७ महायुगं म्हणजे ४,५६७ कलियुगं असं लिहा: ४,५६७ × ४,३२,०००. ४,५६७ ला ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं (६८ चा वर्ग ४,६२४, पुढे जायला नको). एकोणीस भागाकार आहेत, एकातही भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. म्हणून घातांक (७, ३, ३, १) आणि विभाजक ८ × ४ × ४ × २ = २५६.

अनघा_चिकोडी
ते एकोणीस भागाकार मुलांत वाटून द्या सर, एकेकाला एक मूळ संख्या. ६७ वाल्याला बाकी ११ आली पाहिजे, ६१ वाल्याला ५३, आणि ७ वाल्याला ३.